दवाखान्यातला माठ

“मला काय धाड भरलीय, सायेब? आमच्या मालकीणबाईंचं बघा.”

मी “तुम्ही बऱ्या ना, मावशी?” असं विचारलं की तिचं हे उत्तर ठरलेलं. विचारणंही माझं वरवरचंच असायचं. मग ती पदरानं तोंड पुसून दाराशी भिंतीला टेकून बसायची.

अर्धापूरकडच्या एका आरोग्य केंद्रात मी बरीच वर्षं डॉक्टर होतो. ती जवळच्या गावात केळीच्या मळ्यात कामाला होती. मळ्याच्या मालकीणबाईंना साखरेचा आजार. त्यांना दर महिन्याला धरून आणायचं, चपला सांभाळायच्या, गोळ्यांची पिशवी धरायची, हे सगळं तिच्याकडे. पथ्य राखायचं कामही तिनं आपल्याकडे घेतलं होतं.

“सायेब, सांगा यांना. केळ्याची फणी मी माळ्यावर लपवली, तर काठीनं पाडून खाल्ली!”

“गप गं तू,” मालकीणबाई म्हणायच्या. “घरची केळी, आन मलाच चोरी.”

“खावा, खावा. वर गेल्यावर देव काय घड टांगूनच बसलाय तुमच्यासाठी.”

सगळा व्हरांडा हसायचा.

त्या व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. आल्या आल्या ती माठाकडे जायची, पेल्यामागून पेला प्यायची आणि निघताना पुन्हा प्यायची. एकदा रांगेतल्या एका माणसानं तिला हटकलं, “तू विहारामागच्या वस्तीतली ना? माठाला हात लावू नको. कुणीतरी वरून वाढंल.” ती पेला खाली ठेवू लागली. मी खुर्चीवरून उठून बाहेर गेलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “माठ सरकारी आहे. ती हवं तेवढं पाणी पिईल. ज्याला पटत नसेल त्यानं घरून बाटली आणावी.”

ही गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकली आहे. माझ्या निवृत्तीच्या दिवशी ती सांगितली गेली, आणि अलीकडे नांदेडला माझा सत्कार झाला तेव्हाही. मी शाल पांघरून मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला असावा. गोष्ट खरी आहे, पण अर्धी आहे. उरलेली अर्धी आता सांगितलीच पाहिजे.

तिला एवढी तहान का लागते, हे डॉक्टर असून मी कधी विचारलं नाही. उलट थट्टा करायचो, “मावशी, माठ रिकामा करता काय?”

“उनातून आले न्हवं का, सायेब.”

श्रावणातही ती तेवढंच पाणी प्यायची.

एकदा ती एकाच पायात चप्पल घालून आली. दुसरी वाटेत कुठं निसटली, ते तिला कळलंच नव्हतं. “आता घरी जाऊन डोकं हाय का तेवढं बघते,” असं म्हणून तीच आधी हसली. आम्ही सगळे हसलो. साखरेनं बधिर झालेल्या पायातून चप्पल निसटते, हे मी पुस्तकात वाचलं होतं, आणि तरीही हसलो.

रोग कुणाला कुठला होणार, हे माझ्या डोक्यात आधीच ठरलेलं होतं. साखर आणि बीपी मळेवाल्यांना, दुकानदारांना, पेन्शनवाल्यांना. मोलमजुरी करणाऱ्यांना अंगदुखी, खरूज आणि अशक्तपणा. माणूस दारातून आत येताना त्याचे कपडे बघूनच मी औषध ठरवायचो. तिला लाल टॉनिकची बाटली द्यायचो. जिल्ह्याच्या बैठकीत मी सांगायचो, आमच्याकडच्या मजुरांत साखर नाही, ती माणसं कष्टाची. कुणी शंका घेतली नाही. साखर तपासायची सुई मी त्यांच्या बोटाला कधी टोचलीच नव्हती, मग सापडणार कुठून?

पुढे एका महिन्यात मालकीणबाई मुलाबरोबर आल्या.

“मावशी कुठंय?”

“तिच्या पायाला खिळा लागला,” मालकीणबाई म्हणाल्या. “चिघळलंय जरा. येड्या बाईला लागलेलं बी कळलं न्हाई.”

मी मलमाची नळी दिली आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

नांदेडच्या दवाखान्यात तिचा पाय काढला. तिची साखर पहिल्यांदा तपासली गेली ती तिथं. ती तिथून जिवंत परत आली नाही.

काही दिवसांनी मालकीणबाईंना धरून एक तरुण बाई आली. चपला तिनं उचलून घेतल्या, पिशवी काखेत मारली. ती मावशीची लग्न झालेली लेक होती. आईच्या जागी आता तीच कामाला लागली होती. ती म्हणाली,

“माय लई नाव काढायची तुमचं. दवाखान्यात पडल्या पडल्या म्हणायची, सायेबानं मला पाण्याला कधी आडवलं न्हाई.”

एवढं बोलून ती माठाकडे गेली. भरलेला पेला तिनं एका दमात संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा माठावर वाकली.

मी साखर तपासायची सुई घेतली आणि खुर्चीवरून उठलो.