तुपाचा डबा आणि लाल त्रिकोण

आईने मायेने पाठवलेलं तूप खायचं नाही, हे तिला सांगायचं तरी कसं? सांगितलं खरं, पण नीट जमलं नाही...

मागच्या आठवड्यात आमच्या माले गावाहून एसटीच्या कंडक्टरबरोबर घरचं तूप आलं. पुण्यात नोकरीला लागल्यापासून मी या तुपाची वाटच बघत असते. झाकण उघडलं की आमची चूल, म्हशीचा गोठा, आईचे हात... सगळं या भाड्याच्या खोलीत येतं.

या वेळी डबा वेगळा होता. पत्र्याचा, राखेने घासून लख्ख केलेला. त्यावर एक लाल त्रिकोण तेवढा उरला होता, टोक खाली असलेला... माझा हात झाकणावरच थांबला.

मी सरकारी प्रयोगशाळेत काम करते. दुकानांतून सीलबंद आलेली कीटकनाशकं तपासायची, डब्यावर लिहिलंय तेच आत आहे ना ते बघायचं. अशा डब्यांवर वर कवटीचं चित्र आणि खाली रंगीत त्रिकोण असतो; लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल विष. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं, म्हणून कायद्यानेच हे रंग ठरवून दिलेत. हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी माझ्या आईसाठीच केलाय...

रविवारी डबा घेऊन घरी गेले.

“तुज्या काकानं भातावर औषिद मारलं, त्याचा हाय,” आई कौतुकाने म्हणाली. “लई घट. तीनदा राखंनं घासलाय, वर कढत पानी.”

“आणि हा त्रिकोण?”

“त्यो तर पौडच्या दवाखान्याच्या भिंतीवर बी हाय की! कमी पोरं व्हावी म्हनून काढत्यात त्यो. म्हनलं, सरकारी डबा हाय... आपली पोरगी बी सरकारात. शोभंल.”

वरचं कवटीचं चित्र तिच्या राखेनेच पुसलं गेलं होतं. उरला तो त्रिकोण, हुबेहूब कुटुंब नियोजनाचा. सरकारने तीच खूण दोन ठिकाणी लावली, आणि आईने भल्या खुणेवर विश्वास ठेवला...

मी सांगितलं. तिने डबा पुढे ओढून त्रिकोणावर अंगठा फिरवला.

“म्हंजी म्या तुला इख धाडलं व्हय गं?”

“तू नाही गं आई...”

“मंग देवाच्या दिव्याला तरी चालंल का?”

“नाही. दिव्यालाही नाही.”

विहिरीपासून लांब, पडीक तुकड्यात आम्ही दोघींनी खोल खड्डा खणला. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून डब्याला पहारीने भोकं पाडली, तशी कढलेल्या लोण्याची घमघम सुटली... अगदी तीच, घरची. आईने तोंड फिरवलं. माती मीच लोटली.

निघताना माझा जेवणाचा स्टीलचा डबा तिच्या फडताळात ठेवून आले. पुढचं तूप त्यातून येईल... तोवर रोज कोरडीच भाकरी खायची ठरवलीय, आणि खातेय.