खंडेनवमीला पुसलेली गिटार

शेजारच्या अंकलशी माझी ओळख भांडणातून झाली. अमेरिकेत सिअॅटलजवळ बॉथेलमधल्या आमच्या टाउनहाउसेसमध्ये दोन घरांत एकच भिंत आहे, आणि तीही नावापुरतीच. मी घरून काम करायचे. दुपारी चारच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं रे उघडलं की पलीकडे गिटार सुरू. तीन दिवस सोसलं आणि चौथ्या दिवशी जाऊन त्यांचं दार वाजवलं. दार उघडलं ते एका धिप्पाड, पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी. अंगात मोठाल्या फुलांचा शर्ट आणि बाहेर थंडी मी म्हणत असताना पायांत रबरी चपला. माझी सगळी फणफण त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आत ये, आधी काहीतरी खा."

मी खाल्लं नाही, रागावले होते ना. संध्याकाळी ते स्वतःच नारळाच्या दुधाच्या वड्या घेऊन आमच्या दारात उभे. डबा परत देताना मी त्यात चिवडा घालून दिला, कारण रिकामा डबा परत करणं मला जमत नाही. त्यांनाही जमत नसावं, कारण पुढची सहा वर्षं तो डबा दोन घरांत ये-जा करत राहिला. माझी चारची मीटिंग मी तीनला घेतली.

अंकल हे त्यांचं नाव नव्हे. ते हवाईचे. तिकडे वडीलधाऱ्या माणसाला, ओळख असो नसो, अंकल किंवा आंटीच म्हणतात. अमेरिकेत आल्यापासून मी सत्तरीच्या लोकांना नावाने हाका मारत आले आणि दर वेळी जीभ अडखळत आली. इथे ती अडखळली नाही. माझ्या नवऱ्याला मात्र गंमत वाटायची. "यार, तू तर सोसायटीत राहिल्यासारखी वागतेस," तो म्हणायचा. मी सोसायटीतच वाढले, दुसरं कसं वागणार?

ते कोण आहेत हे मला कळलं ते किराणा दुकानातल्या मासळीच्या काउंटरवर. त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, म्हणून दर शनिवारी मी त्यांना घेऊन जायचे. त्या दिवशी एक पन्नाशीची बाई त्यांच्याकडे बघत थांबली, हातातली बास्केट तिने खाली ठेवली आणि सरळ त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागली. तिच्या आईवडिलांच्या लग्नात ते गायले होते. वडील गेले तेव्हा घरात त्यांचीच गाणी लावली होती. अंकल तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मग समोरच्या माशाच्या चेहऱ्यावरून असा काही विनोद केला की रांगेतले अनोळखी लोकसुद्धा हसले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, "तुम्ही फेमस आहात आणि मला बोलला नाहीत?"

"बेट एवढंसं," ते म्हणाले, "त्यात सगळेच फेमस."

मग हळूहळू कळत गेलं. हॉटेलांच्या हिरवळीवर त्यांनी आयुष्य काढलं होतं. रोज संध्याकाळी नवे टुरिस्ट, तीच गाणी, मधे तेच विनोद, गळ्यात तीच फुलांची माळ. पण टुरिस्ट गेले की उरलेल्या रात्री ते आपल्या माणसांसाठी गायचे, लग्नात, बारशाला, कुणाच्या अंगणात. ती गाणी तिकडच्या घराघरांत राहिली. बायकोच्या उपचारांसाठी ते सिअॅटलजवळ आले. ती गेली आणि त्यांचं परत जायचं राहून गेलं. "तिला इथे एकटीला टाकून कुठे जाऊ?" एवढंच म्हणाले होते. इथे कुणी त्यांना ओळखत नव्हतं. मला त्याचा राग यायचा, त्यांना येत नसे.

त्यांची गिटार लावायची पद्धत वेगळी होती. तिकडे तारा नेहमीपेक्षा सैल करून वेगळ्याच सुरांत लावतात, आणि कुठली तार किती सैल करायची हे प्रत्येक घराण्याचं स्वतःचं असतं. मी लहानपणी आठ वर्षं गाणं शिकले, कान बरा आहे, त्यामुळे मला त्यात रस वाटायचा. वाजवून झालं की खाली ठेवण्याआधी ते सगळ्या खुंट्या फिरवून तारा पार ढिल्या करून टाकायचे. आमच्या बाई तंबोरा प्रवासाला नेताना तारा उतरवायच्या, तसंच हे, वाद्याच्या काळजीपोटी, असं मी धरून चालले. विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मला सगळं आधीच माहीत असतं, हा माझा जुना रोग.

एक धून ते फक्त घरी वाजवायचे, रोज, चारच्या सुमाराला. ती त्यांच्या आजीची. स्टेजवर कधी वाजवली नाही, रेकॉर्डही केली नाही. मी एकदा फोन काढून रेकॉर्ड करायला गेले, तर त्यांनी हात तारांवर ठेवून आवाज बंद केला आणि हसून मान हलवली. मी फोन पर्समध्ये टाकला. नंतर मात्र त्यांनी ती माझ्यासाठी पहिल्यापासून वाजवली. सहा वर्षं ती धून मी भिंतीतून ऐकली. कांदा चिरताना, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकली. ती ऐकून मला माझ्या आईची आठवण का येते हे मला कधी कळलं नाही, पण यायची.

त्यांना एक मुलगी, लास व्हेगासमध्ये नर्स. लहानपणी तिला बापाच्या त्या फुलाफुलांच्या शर्टांची आणि टुरिस्टांपुढच्या विनोदांची लाज वाटायची. धून तिने कधी मागितली नाही, आणि मागितल्याशिवाय द्यायची नाही अशी त्यांच्या घरची रीत. दोघं सारखेच हट्टी. मग अंकल आजारी पडले, आणि आजार शेवटाला आला तेव्हा तिने फोनवर विचारलं, "डॅड, तुझ्या आजीची धून मला शिकवशील?" हे त्यांनीच मला सांगितलं. सांगताना डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही. पण बोटं तोवर थरथरायला लागली होती, वाजवणं संपलं होतं.

हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतली शुश्रूषा करतात तिथे, जायच्या आदल्या दिवशी दुपारभर भिंतीपलीकडून एकेक तार छेडल्याचा आवाज येत होता. एक तार, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा तीच. मला वाटलं, बिचारे वाजवायचा प्रयत्न करतायत. मी भाजी टाकून भिंतीपाशी उभी राहिले आणि रडले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि गिटारची पेटी माझ्या हातात दिली. "माझ्या मुलीला दे. आहे तशी दे." मी म्हटलं, "काळजीच करू नका." मला काळजी घ्यायला फार आवडतं, हे त्यांना माहीत होतं.

आठ दिवसांत ते गेले. मुलगी शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी होती. नंतर ड्यूटीसाठी परत गेली. घर आवरायला आणि गिटार न्यायला पुढच्या महिन्यात येते म्हणाली.

मधे नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे आता काय, दोघांचे लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्क्रूड्रायव्हरचा सेट, माझी विळी आणि मिक्सर. सगळं पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. मला वाटलं, अंकलची गिटार पण मांडावी. जन्मभर त्या माणसाने हिच्यावर पोट भरलं, त्याच्या माघारी हिची एक पूजा नको? पेटी उघडली. तारा ताणलेल्या होत्या.

मला भडभडून आलं. आयुष्यात एक दिवसही तारा उतरवल्याशिवाय गिटार खाली न ठेवणारा माणूस, आजारपणात विसरला. मी खुंट्या फिरवून सहाही तारा उतरवल्या, अगदी ते उतरवायचे तशा. तारांखाली साचलेली धूळ मऊ फडक्याने काढली, लाकडाला थोडं तेल लावलं, कुंकवाचं बोट पेटीला लावलं. नवरा म्हणाला, "अगं, दुसऱ्याची वस्तू आहे, इतकी कशाला उघडून बसलीस?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." त्या दिवशी मला फार समाधान वाटलं होतं. हे लिहिताना त्या समाधानाचीच सगळ्यात जास्त शरम वाटते.

मुलगी आली तेव्हा बरोबर रिकामी वही आणि पेन घेऊन आली. माझ्या दिवाणखान्यात खाली बसली, फोनवर सूर दाखवणारं अॅप सुरू केलं आणि पेटी उघडली. पहिली तार छेडली. फट्ट असा मेलेला आवाज आला. दुसरी छेडली, तिसरी. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"आंटी, हे कुणी केलं?"

मी सांगितलं. अभिमानानेच सांगायला सुरुवात केली, वाक्य संपता संपता तिचा चेहरा दिसला. मग तिने मला समजावलं, नर्स लोक समजावतात तसं, हळू आणि स्पष्ट. तारा उतरवणं वाद्याच्या काळजीसाठी नसतं. घरचे सूर कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून उतरवायच्या. डॅडनी आयुष्यात एकदाच उतरवल्या नव्हत्या, तिच्यासाठी. त्यांना सुरांची नावं येत नव्हती, सगळं कानावर होतं. हॉस्पिसमध्ये ते तिला म्हणाले होते, "मी लावून ठेवलीय. तू फक्त ऐक आणि लिहून घे."

ती रागावली असती तर मी तोंड दिलं असतं. ती रागावली नाही. म्हणाली, "You didn't know, Aunty," आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. बाप गेलेल्या पोरीने माझं सांत्वन करावं अशी वेळ मी आणली होती.

मी म्हटलं, "थांब. मी सहा वर्षं ऐकलंय." आणि आम्ही दोघी बसलो. जाड तार मला पक्की आठवत होती, माझ्या षड्जाच्या खालचा त्यांचा षड्ज. ती लागली. तिच्यावरचा पंचम लागला. मी डोळे मिटून भिंतीपलीकडची ती दुपार आठवायचे, गुणगुणायचे, आणि ती खुंटी फिरवायची. पाच तारा लागल्या, त्यांची मला आजही खात्री आहे. पाचवी लागली तेव्हा ती लहान मुलीसारखी हसलीसुद्धा.

राहिली एक. धुनेत जिथे जीव कासावीस व्हायचा ती जागा याच तारेवर होती. मी निषाद धरला. ती म्हणाली, किंचित वर? वर घेतला. पुन्हा खाली आणला. दोन तास गेले, माझा कान थकला, आणि मग मला जे आठवत होतं ते खरंच ऐकलेलं की आत्ता आम्ही वाजवलेलं, तेच कळेना. शेवटी ती निषादावर थांबली आणि मोकळ्या तारांवरून हात फिरवला. लहानपणीची आठवत होती तेवढी अर्धीमुर्धी धून तिने चाचपडत वाजवली, आणि गिटारवर डोकं टेकून हुंदके द्यायला लागली. "हेच. आंटी, हेच ते."

ते ते नव्हतं. पहिल्याच फेऱ्यात मला कळलं. ती जागा गोड झाली होती. अंकलच्या हातून ती कधीच गोड वाजली नव्हती.

मी बोलणार होते. पण तिने डोळे पुसले, वहीत सहा सूर ओळीने लिहिले, खाली तारीख घातली, वही छातीशी धरली. मी चहा टाकायला उठले.

आता ती हवाईला जाऊन वाजवते. वडिलांच्या आठवणीत बेटावर लोक जमले होते, त्याचा व्हिडिओ तिने मला पाठवला. म्हाताऱ्या बायका डोळे मिटून ऐकतायत, काहींच्या गालांवर पाणी. घरची रीत तिने मोडली, सूर सगळ्यांना सांगून टाकले, हरवू नयेत म्हणून. तिकडची शिकणारी मंडळी आता त्यांच्या नावाने तसेच सूर लावतात. पाच तारा त्यांच्या, आणि एक माझ्या हातची चूक. ती जागा आली की मी व्हिडिओ बंद करते.

दर दिवाळीला तिचा फोन येतो. दर वेळी ठरवते की आज सांगायचं, आणि दर वेळी ती आधी म्हणते, "आंटी, तू नसतीस तर डॅडची धून गेली असती." मग मी तिच्या तब्येतीची चौकशी करते. म्हणून शेवटी इथे लिहिलं, सगळं, जसं झालं तसं. तिला मराठी वाचता येत नाही.