तिसरा वेचा आणि धाकटीची दाढ

कापसानं आमच्या घरात काय काय आणलं, असं कुणी विचारलं तर मी बिनदिक्कत सांगते: चांदीचे तोडे, पितळेची मोठी घागर आणि धाकटीची किडकी दाढ. तिसरी गोष्ट ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई जुंपली होती, आणि त्यापायी अकोल्याच्या बाजारात आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. वेचायला बाया मिळेनात. मिळाल्या तरी चार घरं झुलवून मग यायच्या. शेवटी मायनं स्वतःच कापसासाठी कमरेला ओटी बांधली आणि ती वावरात उतरली. पाच वर्षांची धाकटी बहीण आली माझ्या गळ्यात. ती रडली की मायचे हात थांबत, म्हणून तिला गप्प ठेवणं हे माझं काम.

वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, एक रेवडीवाला यायचा. पूर्वी तो ओंजळभर ज्वारी घेऊन दोन रेवड्या हातावर टेकवायचा. आता त्याला कापूसच हवा असायचा, आणि मूठभर कापसाला तो ओंजळभर रेवड्या द्यायचा. ती मूठ माय स्वतः ओटीतून काढून द्यायची. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत धाकटीच्या गालात रेवडी. आमच्या घरात तिच्याआधी कुठल्याच पोराला एवढं गोड मिळालं नव्हतं, त्यामुळं आम्हाला ते तिचं नशीबच वाटायचं.

दाढ आधी काळी पडली, मग तिला खड्डा पडला. शेजारणी म्हणाल्या, दुधाची आहे, आपोआप पडेल. दाढेतला किडा मरावा म्हणून रिंगणीच्या बियांची धुरी दिली, लवंग धरली. ठणका थांबला की रेवडी पुन्हा सुरू. कापूस तीनदा वेचतात. दुसरा वेचा उरकला की अकोल्याला नेऊ, असं बा म्हणाला. तो उरकेपर्यंत तिसऱ्याची बोंडं फुटली. बा वाईट माणूस नव्हता, पोरीवर त्याचा फार जीव. पण रेवडीसाठी आमच्याकडं कापूस होता आणि दाढेसाठी एक दिवस नव्हता. मला याचा आजही राग येतो.

एका सकाळी धाकटीचा गाल वांग्यासारखा सुजून चकाकू लागला. अंग तापलेलं, तोंड उघडेना, पाण्याचा घोटही आत जाईना. मी तिला उचलून वावरात नेलं. मायनं गाल चाचपला, ओटी सोडली, अर्धी ओळ तशीच टाकली आणि बाला बैलबंडी जुंपायला लावली.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी एक जर्राह बसायचा. गळवं फोडणं, दात उपटणं हा त्याचा धंदा. चमच्याच्या दांडीनं त्यानं कसंबसं तिचं तोंड उघडलं. बानं डोकं धरलं, मी पाय. दाढ निघाली आणि मागून भळाभळा पू आला. जर्राहानं स्पष्ट सांगितलं, पू जबड्यात उतरला आहे, पाच दिवस जखम रोज धुवावी लागेल, नाहीतर पोर हाती लागायची नाही.

बाची चुळबुळ सुरू झाली. वारा सुटला होता आणि फुटलेला कापूस वावरात उभा होता. आता पोर कुठं रडते, जखम घरीच धुऊ, असं तो म्हणाला.

"तुमी जा, कापूस वेचा," माय म्हणाली. "मी पोरीले घेऊन इथंच रायतो."

बा गेला. आम्ही जवळच्या धर्मशाळेत राहिलो. पहिले दोन दिवस धाकटीनं डोळेसुद्धा धड उघडले नाहीत. ती मरणार, असं मला वाटत होतं आणि मायला विचारायची हिंमत होत नव्हती. माय तिच्या ओठांवर थेंब थेंब पेज सोडत बसायची. तिकडं गावातल्या बाया तिला वेडी ठरवत होत्या: दुधाच्या दाढेपायी पिकलं वावर टाकून गेली म्हणे.

पाचव्या दिवशी बा बंडी घेऊन आला. आत पाऊल टाकताच सांगू लागला की एकट्यानं किती वेचणार, अर्धा कापूस वाऱ्यानं मातीत गेला, आता व्यापारी त्याला हातही लावणार नाही. मायनं त्याला सगळं बोलू दिलं. मग ती धाकटीला म्हणाली, "आ कर."

धाकटीनं तोंड उघडलं. पूर्ण उघडलं.

"पाहा," माय बाला म्हणाली.

बा वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं तिला उचलून बंडीत बसवलं आणि खड्डे चुकवत बैल सावकाश घराकडं हाकले.