एका घरापुरती वर्गणी

मोबाईलवर ‘मला मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवण्याआधी त्याच्या वरचा सगळा मजकूर वाचणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला, आणि तो अमरावतीला अंबापेठेत आमच्या माहेरच्या घरासमोर राहतो. बाकीची दुनिया डोळे झाकून बोट दाबते आणि पुढच्या कामाला लागते. आमचे वकीलकाका आधी चष्मा पुसतात, काकूंना टीव्हीचा आवाज कमी करायला लावतात आणि ते बारीक अक्षरांतलं करारपत्र पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतात. एकदा गल्लीतली वीज गेली होती. काकू अंधारात कणकेचा गोळा धरून उभ्या, आणि काका दिवाणखान्यात बसून मोबाईलवर बॅटरीचं ॲप घेण्याच्या खटपटीत. पण ते ॲप फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी मागत होतं, आणि तिथे काका अडले. “उजेड देनाऱ्याले माह्या साळ्याचा नंबर कायले पायजे?” असा त्यांचा सवाल होता, आणि तो ते भिंतीला उद्देशून पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी काकू आतून ओरडल्या, “अवो, थो मोबाईलच इकडे आना! त्याच्याच उजेडात पोया होतीन माह्या.” वीज आली, पोळ्या झाल्या, जेवणं उरकली, तरी काकांचं वाचन चालूच होतं. ॲप त्यांनी अर्थातच घेतलं नाही.

काका जिल्हा कोर्टात वकिली करत. वकिली बेताचीच, पण कोर्टात त्यांचं मराठी असं शुद्ध की अशील घाबरून खरं बोलायचा. घराची पायरी चढली की काळा कोट खुंटीला आणि शुद्ध मराठी कोटाच्या खिशात. मूलबाळ नव्हतं. पण गल्लीतली आम्ही सगळी पोरं दिवसभर त्यांच्याच ओट्यावर पडलेली असायचो, त्यामुळे ही गोष्ट त्यांच्या लक्षात राहायला कधी सवड मिळाली असेल असं मला वाटत नाही. कॉम्प्युटर गल्लीत पहिल्यांदा आला तो त्यांच्याकडे, आणि त्याच्यावरचे वादही तिथेच सुरू झाले. कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, कुठलं भिकार, कुठला फोन टिकतो, विकतचं घ्यावं की फुकटचं वापरावं, यावर त्या ओट्यावर जेवढं भांडण झालं तेवढं गावात निवडणुकीवरूनसुद्धा झालं नसेल. काकांची स्वतःची एक कसोटी होती. कुठलंही नवं सॉफ्टवेअर टाकायला गेलं की ते म्हणत, “आधी मले काढून दाखव.” अजून टाकलंच नाही ते काढून कसं दाखवणार? पण काका हटायचे नाहीत. “शिराचा दरवाजा सारेच दाखवतेत. निंघाचा कुठी हाये थे सांग,” म्हणायचे. शेवटी त्यांनी सगळ्यांसाठी खुली असलेली, फुकट मिळणारी एक प्रणाली पसंत केली, आणि तीही केवळ तिचा करार आवडला म्हणून. वापर, बदल आणि चार जणांत वाट, असं त्यात लिहिलं होतं. “असा करार म्या उभ्या जल्मात वाचला नाई,” असं सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला होता. पुढे त्या प्रणालीत कोर्टाचे अर्ज उघडले की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं भलतीकडे दिसायची, टायपिंगवाला कागद उलटासुलटा करून “वकीलसाहेब, हे कन्नड हाये का?” म्हणून विचारायचा, पण काकांनी ती बदलली नाही.

आता यावरून कुणाला वाटेल की काका फुकटे होते, तर तसं मुळीच नाही. नितीन म्हणून आमच्या शेजारचा मुलगा होता. तो नवे सिनेमे कुठूनतरी उतरवून आणायचा आणि पेन ड्राइव्हवर भरून गल्लीभर वाटायचा. काकांनी त्याची ती पेन ड्राइव्ह, नको असलेला प्रसाद परत करावा तशी, दोन बोटांनी परत केली होती. “ज्यानं गायलं, ज्यानं नाचलं, त्याले काई पोचलं पायजे का नाई?” नितीन म्हणे, “काका, जग फुकट पाहून राहिलं, तुमीच कायले पैसे भरता?” काका भरत. पेपरच्या ऑनलाइन आवृत्तीचे भरत, जुन्या गाण्यांच्या एका साइटचे भरत, आणि पुढे सिनेमे-मालिका दाखवणारं एक ॲप आलं त्याचेही त्यांनी भरले. मात्र त्या ॲपच्या मराठी पानावर एक शब्द होता, ‘वर्गणी’, आणि सगळा घोटाळा त्या शब्दानं केला. बिचाऱ्या कंपनीच्या कुणा भाषांतरकारानं शब्दकोशात पाहून तो घातला असणार. अंबापेठेत वर्गणी म्हणजे काय असते हे त्याला कोण सांगणार? काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला पासवर्ड सांगितला. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते, म्हणून मी शहाणपणानं म्हटलं, “काका, असं नाही चालत. हे फक्त एका घरापुरतं असतं.”

“वर्गणी म्हंजे का वं माय?” काका म्हणाले. “एकानं पावती फाडाची अन् साऱ्या गल्लीनं आरती घ्याची. पावती फाडनाराच एकटा मोदक खाते काय?”

“पण नियमात बसत नाही ना.”

“नियम म्या वाचला हाये. तू वाचला का?”

मी अर्थातच वाचला नव्हता. काकांशी वाद घालण्यातली मुख्य अडचण हीच होती. ते म्हणाले की करारात ‘घरातील व्यक्ती’ असं लिहिलं आहे, पण घर कशाला म्हणायचं ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि व्याख्या नसली की तिचा अर्थ ग्राहकाच्या बाजूनं घ्यायचा असतो. खालच्या कोर्टात हा मुद्दा टिकला असता की नाही देव जाणे, ओट्यावर मात्र एकमतानं मंजूर झाला.

मग आमची गल्ली रिकामी व्हायला लागली. यात नवल काहीच नाही, सगळ्याच गल्ल्यांचं असं होतं. नितीन बंगळुरूला गेला, त्याच्यामागे त्याचे आईवडीलही गेले. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला. मी लग्न होऊन अकोल्याला आले, माझे आईबाबा भावाकडे राहायला गेले आणि आमच्या घराला कुलूप लागलं. संध्याकाळी ओट्यावर काका-काकू दोघंच उरले. पण पासवर्ड मात्र आमच्यापैकी प्रत्येकानं आपल्याबरोबर नेला होता, आणि त्यामुळे एक गंमत झाली. कुणी काय पाहिलं, कुठवर पाहिलं, सगळं काकांच्या टीव्हीवर दिसायचं. काका रोज सकाळी चहा घेताना आधी ती यादी उघडत आणि काकूंना गल्लीची खबर देत. नितीनच्या नावापुढे कार्टून लागलेलं दिसलं की म्हणत, “पोरगं बरं झालं त्याचं. दोन दिस कायीच लावलं नोतं.” मी एखादा सिनेमा अर्धवट सोडला की मला फोन यायचा. “काहून सोडला वं? भेव वाटलं का जवायाशी भांडन झालं?” मी चिडायचे. म्हणायचे, “काका, हे बरं नाही, माणसाचं खासगी काही असतं.” त्यावर ते म्हणाले, “थो सिनेमा आमी पुरा पायला. नवराच खुनी असते. आता झोप निवांत.” मला त्यांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही. आज वाटतं, मी सिनेमा कुठे सोडला याची चौकशी करणारं माणूस या जगात दुसरं कुणी नव्हतं.

मग एक दिवस कंपनी शहाणी झाली. तिनं घराची व्याख्या केली. ज्या घरी वर्गणीदार राहतो तेवढंच घर, बाकीच्यांनी आपापलं पाहावं, अशी सूचना सगळ्यांच्या टीव्हीवर झळकली. काकांनी ती उभ्यानं वाचली, कोट चढवला आणि कंपनीला फोन लावला. मी योगायोगानं त्या दिवशी अमरावतीला होते, म्हणून हा खटला मला प्रत्यक्ष ऐकायला मिळाला. फोन स्पीकरवर होता, पलीकडे एक मुलगी होती. काकांनी अस्सल कोर्टातल्या मराठीत विचारलं, “बाईसाहेब, आपल्या सुधारित करारात ‘घर’ या संज्ञेस कोणता आधार आहे?” ती म्हणाली, “सर, एका छताखाली राहणारे लोक.” इथे काकांचं शुद्ध मराठी संपलं. “छताखाली? अवो बाई, अमरावतीच्या उन्हाळ्यात छताखाली कोन राह्यते? आमची सारी गल्ली गच्चीवर झोपत जाय. या गच्चीवरून त्या गच्चीवर पोरं लोळत जात. सकाळी कोनाची आई कोनाच्या पोराले उठवे त्याचा पत्ता नसे!” मुलगी हसली, तसे काका एकदम मवाळ झाले आणि तिचं गाव विचारू लागले. ती निघाली धारणीकडची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली. काकांना इतका आनंद झाला की विचारू नका. “मंग तू बी घरचीच की वं. घे, लिवून घे पासवर्ड,” म्हणाले. ती घाईघाईनं म्हणाली, “सर, सर, कॉल रेकॉर्ड होत आहे.” काका खटला हरले, पण पुढचे दोन दिवस त्या मुलीचं कौतुक करत होते.

कंपनीनं एक फट मात्र ठेवली होती. वर्गणीदाराच्या घरचं माणूस परगावी असलं तर त्याला एक कोड मिळायचा आणि त्यावर थोडे दिवस पाहता यायचं. म्हणजे मी अकोल्याला टीव्हीवर बटण दाबलं की अमरावतीला काकांच्या फोनवर आकडे उमटायचे, आणि ते आकडे मी काकांना फोन करून विचारायचे. काकांनी हे कलम वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सगळी गल्ली परगावी गेली होती हे तर खरंच होतं, त्यात खोटं काय? आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! कोड काही मिनिटंच टिकायचा आणि काका तो लगेच द्यायचेच नाहीत. “आधी सांग, जेवली का? काय केलतं? सासूचा गुडघा कसा हाये?” मी म्हणायचे, “काका, कोड चालला!” “चालला तं दुसरा येते. कोडाले का तोटा हाये?” नितीनच्या पोरांना तर ते कोड देण्याआधी वऱ्हाडीत बोलायला लावायचे. कार्टूनसाठी बंगळुरूची ती पोरं “आबा, मले कोड द्या न” असं अडखळत म्हणत, आणि काका ते ऐकायला काकूंनाही बोलावत. काकू मला एकदा म्हणाल्या होत्या, “कंपनीनं लय चांगलं केलं वं. पयले नुसतं दिसे तुमी कोन काय पायलं. आता आवाज तरी कानी पडते.”

हे आपलं असंच चाललं असतं तर काय बिघडलं असतं? पण कोड मागायचा, थांबायचं, जेवणाचा हिशेब द्यायचा, याला आजकाल वेळ कुणाला आहे? नितीननं स्वतःची वर्गणी भरली. पुण्याच्यांनी भरली. आणि आमच्याकडे तर ह्यांच्या मोबाईलच्या रिचार्जबरोबर ते ॲप फुकटच आलं. मी आग्रह धरून नको म्हणावं असं त्यात काही नव्हतं. टीव्ही लावला की ते लागायला लागलं, इतकंच. काकांना कुणी मुद्दाम सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? काकू परवा फोनवर सहज बोलून गेल्या की काका अजूनही सगळ्यांत मोठीच वर्गणी भरतात, आणि सकाळी चहा घेताना यादी उघडतात, आणि यादीत आता त्या दोघांचंच असतं.

गेल्या रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा काकांचा फोन आला. “काय वं माय, लय दिस झाले कोड नाई मांगला तू. सिनेमे पाहनं सोडलं का काय?”

सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. ‘काका, आमचं आता वेगळं आहे’, एवढंच तर म्हणायचं होतं. पण ते वाक्य जिभेवर आलं आणि मीच दचकले. आमच्याकडे ‘वेगळं होणं’ साधं नसतं. भाऊ वेगळे निघतात, चुली वेगळ्या होतात, आणि म्हातारी माणसं पुढे कित्येक वर्षं, पोरं वेगळी निघाली त्या वर्षाच्या आधीचं की नंतरचं, अशाच हिशेबानं बोलतात. ते वाक्य मला काकांना म्हणवेना.

“सोडीन कशी?” मी म्हटलं. “आत्ता टीव्हीच लावत होते. द्या ना कोड.”

पलीकडे खुर्ची सरकली. मग काका लगबगीनं म्हणाले, “हो हो, थांब, आलाच पाय,” आणि काकूंना म्हणाले, “कावं, चष्मा दे माहा, पोरगी कोड मांगून राहिली.”

टीव्हीवरून मी कोड मागितलेलाच नव्हता. टीव्ही खाली बंद होता, रिमोट कुठे होता ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी बटण दाबल्याशिवाय त्यांच्या फोनवर काहीही येणं शक्य नव्हतं. हे कलम ज्यांनी अक्षर न् अक्षर वाचलंय, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

“लिव,” काका म्हणाले, आणि एकेक आकडा सावकाश, कोर्टातल्या त्यांच्या स्वच्छ आवाजात सांगू लागले. चार. मग सात. मग जरा थांबून पुन्हा चार. कुठून आणत होते कोण जाणे. मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून तशीच उन्हात उभी राहिले आणि प्रत्येक आकडा त्यांच्यामागे म्हणत गेले.

“लागला का?” त्यांनी विचारलं.

मी टॉवेल दोरीवर टाकला.

“लागला, काका,” मी म्हटलं.