आत्याबरोबर वाचलेले पाच खंड

दहावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात मी एका जादूच्या राज्यात शिरले आणि बरेच दिवस बाहेर आलेच नाही. इंग्रजी कादंबऱ्यांची ती मालिका होती, जाडजूड खंडांची. बर्फाखाली गेलेलं एक शहर, ते सोडून निघालेली एक मुलगी आणि तिच्या मागावर असलेली एक राणी. वर्गातल्या अर्ध्या मुली तेच वाचत होत्या. आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात. खाली बाबांचं बटणं, लेस, अस्तरांचं दुकान आणि वर आम्ही. दुपारी खालच्या गिऱ्हाइकांचा आवाज यायचा, पण मला तो ऐकू यायचा नाही. आई दोनदा हाक मारायची आणि तिसऱ्यांदा पुस्तकच उचलून न्यायची.

पहिल्या खंडाच्या शेवटी त्या मुलीचा म्हातारा कुत्रा बर्फात बसतो आणि पुन्हा उठत नाही. तेवढं वाचून मी जेवायला बसले आणि ताटावरच रडायला लागले.

"कोण गेलं?" आत्याने घाबरून विचारलं.

आई म्हणाली, कुणी नाही, पुस्तकातलं कुत्रं गेलं. बाबा हसले. आत्या हसली नाही. ती बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. लग्न झालेलं नव्हतं. इंदरगंजात एका वकिलांकडे ती वर्षानुवर्षं टायपिंग करत होती. जेवणं झाल्यावर तिने मला सगळी गोष्ट सांगायला लावली. मी अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत सांगितली. शेवटी तिने एवढंच विचारलं, की त्या मुलीची आई कुठे आहे. मला आठवेना. लेखकाने आईला एका ओळीत निकालात काढलं होतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आत्या तो खंड पर्समध्ये घालून ऑफिसला घेऊन गेली.

तिचं इंग्रजी कोर्टाच्या कागदांतून आलेलं. ड्रॅगनला काय म्हणतात ते तिला विचारावं लागायचं, पण वारसा, कब्जा, मुदत हे शब्द कुठेही आले की ती ताठ बसायची. मी पळत वाचायची, ती चालत. संध्याकाळी सवारीच्या टेम्पोतून उतरून, तोंड धुऊन, चहा घेऊन ती कूलरसमोर बसायची आणि मग आमचं भांडण सुरू व्हायचं.

"राणीचा दावा तुला वाटतो तितका कच्चा नाही," ती म्हणायची. "गादी तिच्या बापाची होती."

"पण आत्या, ती कितनी दुष्ट आहे!"

"दुष्ट असणं वेगळं, हक्क नसणं वेगळं."

मला राग यायचा. मी लढायांसाठी वाचत होते. लढाई आली की आत्या पानं उलटायची आणि सैनिकांना जेवण कुणी रांधलं ते शोधायची. पण तिच्याशी वाद घातल्याशिवाय वाचलेलं पुरं झाल्यासारखं वाटेनासं झालं. चौथा खंड आम्ही बाड्याच्या चौकातल्या फुटपाथवरून जुना आणला. आठवड्यात त्याचा कणा मोडून दोन तुकडे झाले. मग ती पहिला तुकडा वाचायची आणि मी दुसरा. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळायचं की आता कुणीतरी मरणार. "तोंड तिकडे कर," ती म्हणायची.

मी बारावीत असताना थंडीत तिला एक स्थळ आलं. सागर शहरातले, निवृत्तीला आलेले शिक्षक. पत्नी वारलेली, मुलं नोकरीनिमित्त बाहेर, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. घरात सगळे हळू आवाजात बोलू लागले. आधीही एक-दोन स्थळं अशीच आली होती आणि गेली होती, त्यामुळे मी फारसं लक्ष दिलं नाही. आमचा पाचवा खंड नुकताच संपला होता. शेवटी ती मुलगी खिंडीत उभी असते. मागे तिच्या शहरावरचा बर्फ वितळायला लागलेला असतो आणि पुढे अनोळखी मुलूख. तिथेच पुस्तक थांबतं. सहावा यायला अवकाश होता.

रविवारी दुपारी आम्ही दोघी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो.

"तुला काय वाटतं?" आत्याने विचारलं. "तिने पुढे जावं की राहावं?"

"पुढे. नाहीतर सहाव्यात काय उरेल?"

"राहिली तर काय बिघडेल?"

"बिघडणार काही नाही. पण मग तिची गोष्ट इथेच खतम."

तिने मान हलवली. राहिलेल्या शेंगा सोलल्या, सालं गोळा केली आणि खाली गेली. मी उन्हात आडवी झाले.

फाल्गुनात लग्न झालं, अगदी साधं. जाताना तिने पुस्तकं नेली नाहीत. तुझ्याकडेच राहू देत, म्हणाली.

सहावा खंड निघाला तेव्हा मी कॉलेजात होते. फोन केला की ती कुकरच्या शिट्ट्यांमध्ये असायची, किंवा सासऱ्यांना औषध देत असायची. म्हणून सुट्टीत मी तो खंड घेऊन सागरला गेले. घर स्वच्छ होतं. आत्याचे यजमान, म्हणजे काका, भला माणूस. मला समोर बसवून त्यांनी अभ्यासाची चौकशी केली. शेजारी आले तेव्हा पुस्तकाकडे बोट दाखवून कौतुकाने म्हणाले, "हिलाही पूर्वी वाचनाची फार आवड होती." आत्या हसली, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय असं.

डोळे दुखतात ग, तूच सांग, असं म्हणत ती पोळ्या लाटायला बसली. मी सांगू लागले. सहाव्यात राणी पकडली जाते. तिच्यावर खटला चालतो आणि तिचं म्हणणं ऐकूनच न घेता तिला शिक्षा होते. हा भाग वाचताना मी आत्यासाठी जपून ठेवला होता. तिथे येऊन मी थांबले.

तिने तव्यावरची पोळी उलटली. "बरं. मग?"

मी पुढचं सांगितलं. प्रत्येक ठिकाणी तिने बरं म्हटलं. आतून सासऱ्यांनी हाक मारली तशी ती हात पुसत उठली आणि बराच वेळ आली नाही. उरलेला शेवट मी सांगितला नाही, तिनेही विचारला नाही.

ग्वाल्हेरला परतल्यावर मी आईला म्हटलं, आत्या बदलली. आई भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आम्ही कुणी तिला जोर केला नव्हता हो. संध्याकाळपर्यंत विचार करून सांगते, म्हणाली होती. तुझ्याजवळ गच्चीवर बसून आली आणि म्हणाली, त्यांना हो कळवा."

ती कुठली दुपार ते आईला विचारायची गरज नव्हती.

सातवा, शेवटचा खंड गेल्या वर्षी आला. राज्य वाचलं, मुलीला मुकुट मिळाला. माझ्या मैत्रिणी एकमेकींना फोन करून रडल्या. मी भराभर वाचून मिटला आणि मला कसलंच काही वाटलं नाही. लेखक चुकला होता असं नाही. मला आता पहिल्यासारखं वाचता येत नव्हतं, आणि आमच्या दोघींसारखं एकटीला वाचता येत नव्हतं.

मध्यंतरी एकदा फोनवर मी आत्याला विचारलंच. त्या दिवशी गच्चीवर तू पुस्तकाबद्दल विचारत होतीस ना?

"थोडं पुस्तकाबद्दलही होतं," ती म्हणाली. "तू लहान होतीस ग. विचारणारी तर मी होते."

"मी समजून उत्तर द्यायला हवं होतं."

"काय दिलं असतंस?"

राहा म्हटलं असतं, तर ती इंदरगंजातल्या त्या खुर्चीवर म्हातारी झाली असती, आणि कदाचित त्याचंही मला वाईट वाटलं असतं.

मग तिने विचारलं, लग्नसराई सुरू झाली असेल, दुकानात गर्दी आहे का. मी म्हटलं, आहे, बाबा आज वर जेवायलाही आले नाहीत.