वन्संच्या देवडीतला दिवा

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतर आमच्या भिंगारच्या जुन्या घरात त्यांनी आपली जागा ठरवून टाकली: पुढच्या दाराची देवडी. दारातून आत आलं की अंगणापर्यंत जाणारी ती अरुंद, बिनखिडकीची वाट. दोन्ही बाजूंना दगडी कट्टे. डावीकडच्या कट्ट्यावर सतरंजीची घडी टाकून त्या दिवसभर बसायच्या. तिथला बल्ब एकदा उडाला तो उडालाच. त्यांना उजेडाचा उपयोग नव्हता आणि आम्हाला अंधाराची सवय झाली. उन्हातून आत शिरलं की काहीच दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा, "चालत आलीस वाटतं, दम लागलाय." मी दर वेळी दचकायचे.

हे त्यांच्याहून बरेच लहान. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून वन्संनीच यांना वाढवलं. स्वतःचं लग्न केलं नाही. मागच्या थंडीत त्या झोपेतच गेल्या. त्यानंतर हे पुढच्या दारानं येईनासे झाले. गाडी मागच्या गल्लीत लावायची आणि मोरीकडच्या दारानं आत यायचं. मी कधी विचारलं नाही. एका सकाळी तेच म्हणाले, "देवडीत दिवा लावू या. चांगला झगझगीत."

नगरच्या दुकानात छत दिसत नव्हतं इतके दिवे टांगलेले. मला कंदिलाच्या घाटाचा एक पितळी दिवा आवडला, मंद पिवळा. यांना तो चालेना. "कोपरे अंधारात राहतील," म्हणाले. झुंबर नको, ट्यूबही नको. शेवटी दुकानदारानं एक पांढरी चकती लावून दाखवली. "हा सेन्सरचा. माणूस आलं की आपोआप लागतो, गेलं की विझतो. बटणाला हातसुद्धा लावायचा नाही." यांनी लगेच तोच बांधायला सांगितला.

दिवा बसला त्याच आठवड्यात, तिन्हीसांजेला आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. अंगणापलीकडे देवडी एकदम पांढरी झाली.

"कोण आलं गं?"

मी जाऊन पाहिलं. दाराला आतून कडी. कट्टे रिकामे. मी उभी होते तोवर दिवा जळत राहिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. यांनी कप खाली ठेवला. "ताई याच वेळेला उठायची. देवाजवळ दिवा लावायला." खरं होतं ते. दिसत नसताना वन्सं काडी ओढून, वातीला बोट लावून अचूक पेटवायच्या.

मी वायरमनला बोलावलं. तो हसला. "लई नाजूक असतंय हे, काकू. तुमचा हा अंगणाकडचा पडदा हालतो ना वाऱ्यानं, त्यानंबी लागतंय." मी पडदा काढून ठेवला. दिवा आपोआप लागायचा थांबला. मला वाटलं, संपलं.

मग एका संध्याकाळी हे घरात कुठेच दिसेनात. मागच्या दाराशी गाडी होती, चपला होत्या. मी शोधत अंगणात आले. देवडी काळीकुट्ट होती. आत पाऊल टाकलं तसा उजेड झाला, आणि डावीकडच्या कट्ट्यासमोर हे उभे दिसले. भिंतीला पाठ लावून, हात अंगाशी घट्ट धरून.

"अहो, अंधारात काय करताय?"

"तू कशाला हललीस?" ते माझ्यावर ओरडले. यांचा आवाज एरवी चढत नाही.

मी तिथेच थांबले. मग हे हळू बोलले, "हललं की दिवा लागतो. दिवा लागला की दिसतं, कट्ट्यावर कोणी नाही. गप उभं राहिलं की विझतो. मग असते ती." आणि लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "तुला नाही वाटत?"

मला वाटत होतं. काळोख होता तोवर मलाही त्या तिथेच वाटायच्या. मी यांचा हात धरला आणि आम्ही दोघं न हलता उभे राहिलो. दिवा विझला. बाहेरून एक टेम्पो गेला. यांचा श्वास ऐकू येत होता, माझा येत होता. आणखी काही ऐकू आलं का, ते मी सांगणार नाही. खूप वेळानं हे कट्ट्यावर बसले, आणि वन्सं गेल्या तेव्हा रडले नव्हते, ते तिथे मोठ्यानं रडले.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दुकानात गेले आणि चकती परत केली. "खराब निघाली का?" दुकानदारानं विचारलं. म्हटलं, "नाही हो. मला बटणाचा हवाय. आमचा आम्ही लावू, आमचा आम्ही विझवू." तो पितळी कंदील अजून टांगलेला होता.

आता हे पुन्हा पुढच्या दारानं येतात. देवडीतून जाताना फारसे रेंगाळत नाहीत. कधी दिवा लावतात, कधी तसेच येतात. मी मात्र बटण दाबण्याआधी थांबते. घरात कोणी ऐकणार नाही अशा बेतानं म्हणते, "वन्सं, दिवा लावतेय हं." आणि त्यांना उठून जायला जरा वेळ देते.