आरोपीच्या जागी मी

"आरोपी तू हो. तुला वेगळं काही करावं लागणार नाही."

सर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. मी सोलापुरात लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. सर मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा शिकवायचे. त्यावर वर्गात लुटुपुटूचं कोर्ट भरवायचं होतं. खटला कसला, तर चोरीचा आळ घेऊन पोलिसांनी मारहाण केलेल्या माणसाचा. न्यायाधीश, वकील आधीच ठरले होते. मी सेटलमेंटमधला. इंग्रजांनी जन्मानंच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडलेल्या जातीचा. तार निघाली, पण गावात कुठं चोरी झाली की अजून माझ्या बापाला चौकीत नेऊन बसवत. मी मान खाली घालून बरं म्हणालो.

घरी बापाला एवढंच सांगितलं, "उद्या मी कोर्टात उभा राहणार." आरोपी म्हणून, हे सांगायची लाज वाटली. त्याला वाटलं, पोरगा वकील झाला. दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून तो माझ्या मागोमाग कॉलेजात आला. वर्गात मागची बाकं रिकामी होती, तरी चौकीतल्यासारखा भिंतीशी उकिडवा बसला.

न्यायाधीश झालेल्या पोरानं मला विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

बाप उठला. हात जोडून पुढं आला.

"सायेब, पोरगं माझं हाय. त्यानं काय केलं न्हाय. मला न्या."

पोरं पोट धरून हसली. सरसुद्धा. हे कोर्ट खोटं आहे, एवढंही मला बापाला सांगता येईना. तो जवळ आला, हळूच म्हणाला, "व्हय म्हण की. मार तरी वाचंल."

कुणाचाही छळ होता कामा नये, हे कलम मला तोंडपाठ होतं. बापासमोर ते उच्चारायची हिंमत झाली नाही.

"मी आरोपी होणार नाही," मी सरांना म्हणालो.

"मग गुण मिळणार नाहीत."

"नकोत."

बापाला घेऊन निघालो. वाटभर तो मलाच शिव्या देत होता. कोर्टातनं पळालास, आता हवालदार दारात येणार. किती समजावलं तरी पटेना. पटणार कसं? मार चुकवायला हो म्हणायचं, याहून दुसरं कोर्ट त्यानं पाहिलंच नव्हतं. मला रडू आलं, ते त्याला दिसू दिलं नाही.

वकील व्हायचं, एवढंच तोवर डोक्यात होतं. कुणाचा, ते त्या दिवशी ठरलं. ज्याला मारून कबूल करून घेतात, त्याचा. त्याला मी हो म्हणू देणार नाही. माझ्या बापानं पाय धरले तरी.